खतावणीतला पाऊस

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या बीडच्या बाजारपेठेतून फेरफटका मारला, तर दुकानोदुकानी नव्या वह्यांना हळदकुंकू लागलेले दिसते. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'शुभ' आणि 'लाभ'. अलीकडे वहीशेजारच्या संगणकालाही फूल वाहतात, पण रीत तीच. या वहीत जमेला जागा असते, नावेला असते, येण्याला असते, देण्याला असते. एका गोष्टीला मात्र तिच्यात रकाना नसतो, आणि ती गोष्ट म्हणजे पाऊस. कापडदुकानदाराची उधारी वसूल होणार की नाही, सराफाकडे गहाण पडलेली पाटली सुटणार की नाही, बँकेचा हप्ता भरला जाणार की नाही, हे सारे आमच्याकडे मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांत ठरते. आणि वहीला त्याचा पत्ताही नसतो.

मी पेशाने शाळामास्तर, हौसेने कादंबरीकार आणि शिक्षणाने मॅट्रिक. तेव्हा बँकांच्या कारभारावर लिहिण्याचा माझा अधिकार किती, हे वाचकांनीच ठरवावे. पण गेल्या काही वर्षांत जगातल्या बँकांवर देखरेख करणाऱ्या संस्था आपल्या बँकांना एक प्रश्न विचारू लागल्या आहेत, आणि तो वाचताना मला राहून राहून वाटले, की हा तर आमच्याच गावचा प्रश्न! प्रश्न असा: 'उद्या पाऊस लहरी झाला, नद्या आटल्या किंवा फुगल्या, शेताला सांभाळणारे किडे-पाखरे नाहीशी झाली, तर तुम्ही वाटलेल्या कर्जांचे काय होईल? आजच हिशेब मांडून दाखवा.' याला तिकडे 'स्ट्रेस टेस्ट' म्हणतात. आपण ताण-चाचणी म्हणू. कुंभाराकडून मडके घेताना आपल्या आयाबाया ते बोटाने वाजवून घेतात. पाणी भरल्यावर फुटले तर घरभर ओल होते, म्हणून रिकामे असतानाच त्याचा आवाज ऐकायचा. चाचणीचे मर्म एवढेच आहे.

परंतु मडके कोणी वाजवायचे, आणि फुटके निघाले तर नुकसान कोणी सोसायचे, हे प्रश्न त्याहून अवघड आहेत. त्यांची उत्तरे आमच्या मुलखाच्या इतिहासात पडलेली आहेत. ती थोडी उकरून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग गेलेली आहे. उत्तरेला गोदावरी, गेवराई-माजलगावकडे काळी कसदार जमीन. घाटावर पाटोदा, आष्टी, धारूरकडे मुरमाड, हलकी. वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ६६० मिलिमीटर. पण सरासरी हा शब्द आमच्याकडे फसवा आहे. एका वर्षी निम्मा पडतो, दुसऱ्या वर्षी चार दिवसांत महिन्याचा पडतो. हे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते. बीड शहराजवळ सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली एक विहीर आहे. तिचे नाव खजाना बावडी. दुष्काळातही तिचे पाणी हटत नाही अशी तिची ख्याती. सोन्यानाण्याचे नाव पाण्याच्या विहिरीला द्यावे, यात त्या काळच्या माणसाचे अर्थशास्त्र आले. वाईट वर्षासाठी जे राखून ठेवले तोच खजिना. आजच्या बँकांना देखरेख करणारे 'पुरेसे भांडवल राखून ठेवा' असे बजावतात, त्याचा अर्थही याहून वेगळा नाही.

पण विहीर एक आणि मुलूख मोठा. १८९९-१९०० चा दुष्काळ आमच्या जिल्ह्यावर कसा कोसळला ते शिरगणतीच्या आकड्यांत दिसते. १८९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४२ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ४ लाख ९२ हजार भरली. दहा वर्षांत दीड लाख माणूस कमी. कोणी मेले, कोणी परागंदा झाले. बीड तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. त्या दीड लाखांकडे सावकारांचे किती येणे होते, त्याचा हिशेब कोणत्या वहीत सापडणार? ऋणकोच नाहीसा झाला, तर खत कोणापुढे धरायचे?

कर्ज आणि आभाळ यांचे नाते सरकारच्या लक्षात आले ते मात्र याच्याही आधी, आणि आमच्या शेजारच्या मुलखात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात दंगा झाला आणि तो बघता बघता नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने सारा वाढवला. आणि मग कुणब्याला कळले, की आपण तेजीच्या वर्षाचा भाव कायमचा धरून खतावर अंगठा उठवला होता. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. खते आणि हुकूमनामे हिसकून त्यांची होळी झाली.

चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. न्यायाधीशाने खतावरचा आकडा डोळे मिटून खरा धरू नये, मूळ व्यवहार तपासावा. हप्ते बांधून द्यावेत. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये. कायदा चांगल्या बुद्धीचा होता. पण परिणाम काय झाला? खताचे बळ कमी झालेले पाहून पुष्कळ सावकारांनी हात आखडता घेतला, आणि जे देत राहिले ते गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. म्हणजे जोखीम वाढली हे सावकाराला कळले, आणि त्याने ती नेमकी त्याच्याच अंगावर ढकलली ज्याला वाचवायचे होते. आमच्या गोष्टीतला हा पहिला धडा. तो लक्षात ठेवावा.

यानंतर आली ती सरकारी कसोटी. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ आयोग बसवला आणि १८८३ साली दुष्काळसंहितेचा नमुना तयार झाला. त्या संहितेत 'टेस्ट वर्क', म्हणजे कसोटीचे काम, नावाची एक युक्ती होती. दुष्काळ खरा की खोटा हे ठरवायचे कसे? तर खडी फोडण्याचे किंवा माती उपसण्याचे काम काढायचे, मजुरी पोटापुरतीच ठेवायची, काम मात्र पुरेपूर मोजून घ्यायचे. एवढ्या कमी दामावर जर झुंडीने माणसे आली, तर दुष्काळ खरा! जोडीला आणेवारी होती. पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदाचे पीक किती आणे ते ठरवायचे. मुंबई इलाख्यात चार आण्यांच्या आत आले तर सारा तहकूब, चार ते सहा आण्यांत आले तर निम्मा. १९५७ साली दशमान नाणी आली तशी आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची रेघ खेड्यापाड्यांत जिभेवर बसली.

या साऱ्या व्यवस्थेने पुष्कळ प्राण वाचवले, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यात दोन उणिवा होत्या. एक, ही चाचणी संकट आल्यावर व्हायची. मडके गळू लागल्यावर वाजवायचे, असा प्रकार. दुसरी, चाचणी व्हायची ती उपाशी माणसाची. सरकारचा खजिना किंवा सावकाराची वही त्या कसोटीला कधी बसली नाही.

पुढे काळ बदलला. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बीड १९४८ साली निजामाच्या राज्यातून मुक्त झाले. १९५४ साली गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला. आपले धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. पाहणीत दिसले, की शेतकरी जी कर्जे काढतो त्यांत सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास, आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. या आकड्यांतून पुढची सहकाराची चळवळ फोफावली. गावोगाव सोसायट्या, तालुक्याला शाखा, जिल्ह्याला मध्यवर्ती बँक. सवाई-दिढीने धान्य उचलणाऱ्या कुणब्याला पहिल्यांदाच रास्त व्याजाचा पैसा दिसला.

पण एक जुनीच अडचण या नव्या घरातही शिरली. शहरातल्या मोठ्या बँकेचे शंभर कर्जदार शंभर धंद्यांतले असतात. एकाचे दिवाळे वाजले तर नव्याण्णव तारतात. जिल्ह्याच्या शेतकी बँकेचे शंभर कर्जदार एकाच ढगाखाली उभे असतात. तो ढग वांझ गेला, की शंभरही जण एकाच वर्षी, एकाच महिन्यात, एकाच कारणाने थकतात. मग पैसेवारी पाहून कर्जाचे पुनर्गठन होते, म्हणजे यंदाचा हप्ता पुढच्या वर्षांवर ढकलला जातो. निम्मे पीक बुडाले तरच ही सवलत, अशी पूर्वीची अट होती. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने ती ३३ टक्क्यांवर आणली. सवलत मोलाची खरी. पण पुढची वर्षे चांगली जातील हे तिच्यात गृहीत आहे, आणि आभाळाने तसे लिहून दिलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे खडीवर होती. या वेळी बहुतेकांचे प्राण वाचले. कर्जे मात्र राहिली.

आता आजच्या चाचणीकडे येऊ. २००८ साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, तेव्हा दुसऱ्याच वर्षी तिथल्या सरकारने मोठ्या बँकांना एक काल्पनिक वाईट काळ लिहून दिला आणि त्यात तुम्ही तगाल का ते दाखवा, असे फर्मावले. २०१५ साली बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी विमावाल्यांच्या सभेत सांगितले, की हवामानाचे संकट आपल्या हिशेबाच्या मुदतीपलीकडे उभे आहे, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये पॅरिसला आठ देशांच्या मध्यवर्ती बँका व देखरेख संस्थांनी मिळून या कामासाठी एक मंडळ स्थापले. आपली रिझर्व्ह बँक त्यात एप्रिल २०२१ मध्ये गेली. अमेरिकेची मध्यवर्ती बँक २०२० साली आत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडली. मंडळातून बाहेर पडता येते. ढगाखालून बाहेर पडता येत नाही.

चाचणीची रीत कादंबरीकाराला चटकन समजावी अशी आहे. आधी पुढच्या काळाच्या दोन-तीन कथा लिहायच्या. एकीत जग वेळेवर शहाणे होऊन कोळसा सोडते, दुसरीत उशिरा आणि घाईघाईने सोडते, तिसरीत सोडतच नाही आणि ऊन वाढत जाते. मग प्रत्येक कथेत पाऊस, पीक, भाव, वीज, जमिनीची किंमत यांचे काय होईल ते आकड्यांत मांडायचे, आणि शेवटी बँकेच्या कर्जांची यादी त्या आकड्यांवरून फिरवायची. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०२२ साली १०४ मोठ्या बँकांची अशी चाचणी घेतली, तेव्हा सुमारे ६० टक्के बँकांकडे या कामाची काही व्यवस्थाच नव्हती असे आढळले. म्हणजे पावसाचा रकाना फक्त आमच्या बाजारपेठेतल्या वहीतच नव्हता असे नाही!

या कथांत दोन प्रकारचे धोके असतात: एक निसर्गाच्या तडाख्याचा, दुसरा जगाने आपली वाट बदलण्याचा. दोन्ही एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर आमच्या परळीला यावे. तिथले औष्णिक वीजकेंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली बंद ठेवावे लागले, कारण खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरले नव्हते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. हा पहिला धोका. उद्या जगाने कोळशाकडे पाठ फिरवली, तर त्याच केंद्रावर, त्याच्या राखेवर आणि चहाच्या टपऱ्यांवर पोट भरणाऱ्या गावाचे काय, हा दुसरा.

तिसरा धोका अलीकडे मोजू लागले आहेत. तो जीवसृष्टीचा. २०२० साली हॉलंडच्या मध्यवर्ती बँकेने हिशेब काढला, की तिथल्या वित्तसंस्थांच्या तपासलेल्या गुंतवणुकीपैकी ३६ टक्के, म्हणजे ५१० अब्ज युरो, अशा धंद्यांत आहेत जे निसर्गाच्या फुकट सेवेवर फार अवलंबून आहेत: परागीभवन करणाऱ्या माश्या, माती, स्वच्छ पाणी. हे वाचून कुणाला हसू येईल. बँक आणि मधमाशी यांचा काय संबंध? आमच्या शेतकऱ्याला तो सांगावा लागणार नाही. पूर्वी एका वावरात ज्वारी, तूर, अंबाडी, कडेला करडई अशी मिसळ असे. एक बुडाले तर दुसरे हात देई. आता मैलोनमैल सोयाबीन आणि कापूस. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्याचा कापूस पोखरला, २०२२ साली गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले आणि पुष्कळांना दुबार पेरणी करावी लागली. एकच पीक असले की एकच किडा पुरतो. गोगलगायीच्या चालीने का होईना, पण ती पीककर्जाच्या थकबाकीपर्यंत पोचतेच.

आणि आता आमच्या जिल्ह्याची खरी गोष्ट. २०२० च्या खरिपासाठी पीकविम्याच्या निविदा निघाल्या, तेव्हा बीडसाठी एकाही कंपनीने बोली लावली नाही. कंपन्यांच्या हिशेबनिसांनी मागची वर्षे पाहिली, मडके वाजवले, आणि ते न घेताच निघून गेले. चाचणीत जिल्हा नापास झाला होता! १८७९ नंतरच्या सावकारानेही हेच केले होते. फरक एवढा, की या वेळी गोष्ट तिथे संपली नाही. सरकारने भारतीय कृषी विमा कंपनीला गळ घातली आणि नवी वाटणी ठरवली: भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर कंपनीने सोसायची, त्यावरची राज्याने, आणि भरपाई ८० टक्क्यांहून कमी झाली तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्के ठेवून घेऊन उरलेले राज्याला परत करायचे. चांगल्या वर्षाचा लाभ एकट्याने खायचा नाही, वाईट वर्षाचा घाव एकट्याने सोसायचा नाही. याला 'बीड पॅटर्न' असे नाव पडले आणि २०२२ साली तो राज्यभर लागू झाला. भरपाई वेळेवर न मिळण्याच्या आणि खोट्या अर्जांच्या तक्रारी पुढे होतच राहिल्या, म्हणून या वाटणीला मी रामराज्य म्हणणार नाही. पण जोखीम मोजून पळून जाणे आणि जोखीम मोजून वाटून घेणे, या दोन वाटा एकाच हिशेबातून फुटतात, हे तिने दाखवले.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या नव्या उद्योगाकडे मी आशेने आणि थोड्या भीतीने पाहतो. २०२२ साली तिने हवामानाच्या जोखमीवर चर्चापत्र काढले, फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकांनी ही जोखीम जाहीर करावी असा मसुदा मांडला, ऑक्टोबर २०२४ मध्ये पाऊस-पुराची माहिती एकत्र साठवण्याची योजना सांगितली. आशा यासाठी, की आपल्या मुलखात पहिल्यांदाच धनकोची वही पावसापुढे कसोटीला उभी राहील, आणि तीही संकटाआधी. भीती यासाठी, की तालुक्या-तालुक्याचा नकाशा तांबडा रंगवून झाला, की कोणी तरी शहाणा म्हणेल, 'या तांबड्या तालुक्यांत कर्ज नको.' बँक सुरक्षित होईल, चाचणी उत्तम गुणांनी पास होईल. आणि पाटोद्याचा शेतकरी?

तो कुठे जातो हे मला ठाऊक आहे, कारण ते माझ्या हजेरीपटात दिसते. दसरा झाला की वर्गातले एकेक नाव गैरहजर लागू लागते. बाप मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये संसार चढतो आणि टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जाते. ऊस संपेपर्यंत, म्हणजे थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, घराला कुलूप आणि बाकावर धूळ. उचल हेही कर्जच आहे. तारण म्हणून जमीन नसते, अंग असते. ते कोणत्याही बँकेच्या खतावणीत नाही, आणि कोणतीही देखरेख संस्था त्याची चाचणी घेत नाही. पाऊस चुकला की बँकेची थकबाकी वाढते, हे सर्वांना दिसते. त्याच पावसाने उचलही वाढते, हे कोणी मोजत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात तर पाऊस उलट्या बाजूने चुकला. ज्या सिंदफणेच्या पात्रात आम्ही उन्हाळाभर वाळू पाहतो तिला पूर आला, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभ्याने कुजले, कुठे कुठे तर मातीच वाहून गेली. सातबारा घरात कोरडा होता, पण ज्या मातीवर कर्ज दिले ती पुढच्या गावी गेली होती. अशा वर्षाची कथाही आता बँकांना लिहावी लागेल. नुसता दुष्काळ मनात धरून भागणार नाही.

माझी देखरेख करणाऱ्यांकडे एवढीच मागणी आहे, आणि ती शाळामास्तराची आहे. परीक्षा जरूर घ्यावी, कडक घ्यावी. पण उत्तरपत्रिकेत आणखी एक प्रश्न घालावा. बँकेचे नुकसान किती होईल हे विचारून झाल्यावर पुढे विचारावे, की ते टाळण्यासाठी तुम्ही कोणाला कर्ज नाकारणार आहात, आणि तो माणूस मग कोणाच्या दारात जाणार आहे? या प्रश्नाला गुण ठेवले, तर तांबड्या तालुक्यात शेततळ्याला, मिसळपिकाला, घाटावरच्या सीताफळाच्या बागेला कर्ज देणारी बँक पहिली येईल. ठेवले नाहीत, तर नुसता हात आखडणारी येईल. दोन्ही बँकांचे ताळेबंद कदाचित सारखेच दिसतील. माझ्या वर्गातली हजेरी मात्र सारखी दिसणार नाही.